कवितेतली प्रतिमा, अलंकार आणि शब्दशः अर्थ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कविता वाचणारे, शिकवणारे, नव्याने लिहायला लागलेले आणि परीक्षेच्या आदल्या रात्री जागणारे, सगळ्यांकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून ते इथे एकत्र केलेत. आधी सोपे घेतलेत, पुढे पुढे अवघड होत जातात. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला नंबर दिलाय, तेच परत लिहिलेलं नाही. उदाहरणाच्या ओळी बहुतेक इथल्यासाठीच रचल्यात, जिथे दुसऱ्या कवीची ओळ आहे तिथे तसं सांगितलंय.

१. शब्दशः आणि लाक्षणिक यात नेमका फरक काय? एकदम साध्या भाषेत सांगा.

शब्द जे म्हणतात तेवढंच सांगायचं असेल तर ते शब्दशः. "खिडकी उघडी आहे" म्हणजे खिडकी उघडी आहे, संपलं. आता "ती आली आणि घरभर ऊन पसरलं" यात ती रात्री आली असली तरी वाक्य चालतं, कारण ऊन म्हणजे इथे खरं ऊन नाहीच, ते लाक्षणिक.

आपल्या परंपरेत मात्र दोन नाही, तीन पायऱ्या आहेत, आणि ही तिसरी पायरी लोक विसरतात तिथेच अर्धा गोंधळ होतो. वाच्यार्थ (शब्दशः अर्थ), लक्ष्यार्थ (लाक्षणिक अर्थ) आणि व्यंग्यार्थ (नुसता सुचवलेला अर्थ), आणि ते देणाऱ्या शब्दाच्या शक्ती म्हणजे अभिधा, लक्षणा, व्यंजना. व्यंजनेत शब्दशः अर्थ मोडत नाही, तो खराच राहतो आणि शिवाय अजून काहीतरी ऐकू येतं. याचं जुनं उदाहरण मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराच्या काव्यप्रकाश या ग्रंथात आहे, "सूर्य मावळला" एवढंच वाक्य. सूर्य खरंच मावळलाय. पण गुराख्याने ऐकलं तर गुरं घरी न्यायची वेळ झाली, काम करणाऱ्याने ऐकलं तर हातातलं काम थांबवा, चोराने ऐकलं तर आता निघायला हवं. शब्द तेच, कोण कुणाला म्हणतंय त्यावर अर्थ फिरतो. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ध्वन्यालोक या ग्रंथात हाच सुचवलेला अर्थ, त्याच्या शब्दात ध्वनी, कवितेचा आत्मा मानला, आणि इतक्या शतकांनंतरही कविता वाचताना यापेक्षा जास्त उपयोगी पडणारी गोष्ट मला तरी सापडलेली नाही.

२. प्रतिमा म्हणजे अलंकारच ना? दोन्ही एकच नाही का?

नाही, आणि हा सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न आहे म्हणून जरा सावकाश घेऊ.

प्रतिमा म्हणजे वाचताना इंद्रियांना काहीतरी जाणवणं, दिसणं, ऐकू येणं, वास येणं, हाताला लागणं. अलंकारात (इथे अर्थालंकार म्हणतोय, यमक-अनुप्रास नाही) अर्थ एका गोष्टीवरून दुसरीवर नेलेला असतो. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कधी एकत्र येतात, कधी येत नाहीत. चार ओळी बघा.

"अंगणात ओली पावलं, दारापर्यंत आणि परत." इथे एकही अलंकार नाही, उपमा नाही, रूपक नाही, जे आहे ते शब्दशः. पण प्रतिमा एकदम ठसठशीत आहे, आणि कुणीतरी दारापर्यंत आलं, दार वाजवलं की नाही माहीत नाही, आणि निघून गेलं हे न सांगता कळतं.

"तिचा आवाज म्हणजे वाळत घातलेलं ओलं कापड, जड आणि हळूहळू हलका होणारा." यात प्रतिमा पण आहे आणि रूपक पण.

"काळ सगळ्यांचा न्याय करतो." अलंकार आहे, काळाला माणसासारखं वागवलंय, पण दिसत काय? काहीच नाही. म्हणजे अलंकार आहे, प्रतिमा नाही.

"मला फार वाईट वाटतंय." यात दोन्ही नाही. आणि अशी ओळही कवितेत फार ताकदीची ठरू शकते, योग्य जागी आली तर.

या चार ओळी डोक्यात ठेवल्या तर पुढचं बरंच सोपं जाईल. परीक्षेतसुद्धा "कवितेतील प्रतिमा स्पष्ट करा" असं विचारलं की मुलं थेट उपमा-रूपकं शोधायला लागतात आणि साधी ओली पावलं तशीच सुटून जातात, त्याचं खरंच वाईट वाटतं.

३. प्रतिमा म्हणजे डोळ्यासमोर येणारं चित्रच का?

चित्र हा एक प्रकार झाला. कान, नाक, जीभ, त्वचा या सगळ्यांच्या प्रतिमा असतात, शिवाय शरीराच्या हालचालीची असते (जिना उतरताना एक पायरी जास्त आहे असं वाटून पाय हवेत पडतो ती जाणीव, ही दिसत नाही, अंगात होते). काही वेळा दोन इंद्रियं एकमेकांत मिसळतात, "थंड निळा आवाज", "गोड काळोख" वगैरे. असं मिसळलं की ते बहुतेक लाक्षणिक असतं कारण आवाजाला रंग नसतो. पण काही लोकांना खरोखर आवाजासोबत रंग दिसतात, मेंदूची तशी ठेवण असते, म्हणजे एखाद्या कवीसाठी ती ओळ शब्दशः खरी असू शकते. वाचकाला त्याने फरक पडत नाही, कागदावर जे आहे त्यावरूनच वाचायचं.

४. एखादी ओळ शब्दशः घ्यायची की लाक्षणिक, हे ओळखायची काही ट्रिक आहे का?

ट्रिक म्हणाल तर आहे, आणि तीही मम्मटाचीच आहे, अकराव्या शतकातली. लक्षणा व्हायला तीन गोष्टी लागतात. एक, शब्दशः अर्थ अडला पाहिजे (मुख्यार्थबाध). दोन, जो नवीन अर्थ घेतोय त्याचा मूळ अर्थाशी काहीतरी संबंध पाहिजे. तीन, असं बोलायची रूढी तरी पाहिजे किंवा काही खास हेतू तरी.

ठरलेलं उदाहरण आहे "गंगेवर वस्ती". पाण्याच्या प्रवाहावर वस्ती असू शकत नाही, अर्थ अडला. मग गंगेच्या काठावर वस्ती, कारण काठ आणि प्रवाह शेजारी शेजारी, हा झाला संबंध. आणि हेतू काय तर सरळ "गंगेच्या काठावर" म्हटलं असतं तर गंगेचा गारवा आणि पावित्र्य त्या वस्तीला लागलं नसतं. तिसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, कारण तो विचारतो की कवीने वाकड्या वाटेने जाऊन कमावलं काय? उत्तर सापडलं नाही तर एकतर आपलं वाचन चुकतंय किंवा ओळच कच्ची आहे.

पण एक क्रम पाळा. पहिल्यांदा ओळ शब्दशः घेऊन बघा, खरंच डोळ्यासमोर आणा, आणि ती अडली तरच पुढे जा. बहुतेक जण हा टप्पा गाळून थेट "याचा खोल अर्थ काय" वर उडी मारतात. ट्रिक कुठे फेल जाते ते प्र. ११ मध्ये आहे.

५. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक... दरवेळी गोंधळ होतो. लक्षात कसं ठेवायचं?

दोन गोष्टी किती जवळ आणल्यात ते बघा. ज्याची तुलना करायची ते उपमेय, ज्याच्याशी करायची ते उपमान.

उपमेत दोघं शेजारी उभे असतात पण वेगवेगळे: "रस्ता सापासारखा वळत गेला". उत्प्रेक्षेत उपमेय हे जणू उपमानच आहे अशी कल्पना केलेली असते: "रस्ता जणू सापच". रूपकात जणू पण गेलं, दोघं एक झाले: "हा रस्ता-साप गावाला गिळून बसलाय". त्यापुढे अपन्हुती, तिथे तर उपमेयाला नाकारलंच: "हा रस्ता नव्हे, हा साप". आणि व्यतिरेकात उपमेय उपमानाच्या वरचढ, "अमृताहूनि गोड नाम तुझे देवा" हे त्याचं सगळ्यांना पाठ असलेलं उदाहरण.

सारखा, सम, जसा, परी, गत असे शब्द आले की उपमा, जणू, गमे, भासे, वाटे आले की उत्प्रेक्षा, हे परीक्षेपुरतं बरोबर आहे. फक्त शब्दावर आंधळेपणाने जाऊ नका. "तो भावासारखा दिसतो" यात सारखा आहे पण अलंकार नाही, दोन माणसांच्या चेहऱ्याची साधी तुलना आहे. उपमेसाठी दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी जवळ याव्या लागतात, आणि त्या जवळ आल्याने काहीतरी नवं दिसावं लागतं.

६. म्हणजे "सारखा" काढून टाकला की उपमेचं रूपक झालं, एवढाच फरक?

व्याकरणात जवळपास तेवढाच, वाचण्यात खूप. उपमेत कवी थोडा अंतरावर उभा असतो, तो म्हणतो "बघ, हे त्याच्यासारखं आहे", म्हणजे दोन्ही गोष्टी आपापल्या जागी शाबूत आहेत हे त्याला माहीत आहे. रूपकात तो अंतर सोडून देतो. दुःखाबद्दलच्या कवितेत सुरुवातीला "डोंगरासारखं" आणि शेवटी नुसतं "डोंगर" आलं असेल तर तो बदल बघा, मधल्या ओळींमध्ये काहीतरी घडलंय, बोलणाऱ्याचा स्वतःवरचा ताबा सुटलाय किंवा त्याने ते दुःख स्वीकारलंय. पुढच्या वेळी "या कवितेत उपमा आहे" एवढ्यावर न थांबता "इथे उपमाच का?" हे विचारून बघा, मजा येते.

७. रूपक आणि प्रतीक यातला फरक समजत नाही.

रूपकात शब्दशः अर्थ अडतो, प्रतीकात अडत नाही. "माझं मन बंद दार आहे" हे रूपक, मन दार असू शकत नाही. पण कवितेत एक खरंखुरं दार आहे, कवितेतला माणूस रोज त्याच्यासमोर येतो, कधी उघडत नाही, शेवटी त्याला रंग देतो, इथे दार हे दारच आहे आणि तरीही ते दारापेक्षा मोठं होत जातं, हे प्रतीक. प्रतीक बहुतेक पुन्हा पुन्हा येऊन किंवा कवितेतल्या मोक्याच्या जागेवर बसून वजनदार होतं. म्हणून दोन ओळींमध्ये प्रतीक उभं करणं अवघड, त्याला जागा लागते.

८. कबूतर म्हणजे शांती, पाऊस म्हणजे दुःख, दिवा म्हणजे आशा... अशी लिस्ट मिळेल का?

लिस्ट देता येईल पण देणार नाही, कारण तिने नुकसान होतं. पाऊस एका कवितेत विरह असतो, दुसरीत सुटका, तिसरीत पूर, चौथीत नुसता पाऊस. रूढ संकेत असतात हे खरं, चातक, चकोर, कमळ, भ्रमर यांना तर शेकडो वर्षं ठरलेले अर्थ आहेत आणि जुनी कविता वाचताना ते माहीत हवेतच, नाहीतर ओळच लागत नाही. पण आधुनिक कवितेत संकेत हा नुसता सुरुवातीचा अंदाज धरा. मग त्या पावसाला कुठली क्रियापदं लावलीत ते बघा. पाऊस "झिरपतोय" का "कोसळतोय" का "थांबलाय", आणि तो कुणाच्या अंगावर पडतोय आणि कोण आडोशाला आहे. अर्थ नामात कमी असतो, क्रियापदात जास्त.

९. हे सगळं एखाद्या खऱ्या कवितेवर करून दाखवा ना.

बालकवींची "औदुंबर" घेऊ. आठच ओळी आहेत, आणि मराठीत हिच्याएवढ्या वेगवेगळ्या अर्थांनी वाचल्या गेलेल्या छोट्या कविता थोड्याच असतील.

आधी शब्दशः. ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी, मधून निळासावळा झरा. पलीकडे टेकडीकडे चार घरांचं चिमुकलं गाव, पुढे शेतमळ्यांची दाट हिरवी गर्दी. त्यातून पांढरी पायवाट अडवीतिडवी पडलेली, ती हिरव्या कुरणामधून काळ्या डोहाकडे चाललीये. डोहाच्या लाटांवर गोड काळिमा पसरलाय आणि पाण्यात पाय टाकून औदुंबर बसलाय. एवढंच. एक भावना नाव घेऊन सांगितलेली नाही, दुःख नाही, आनंद नाही, "मी" सुद्धा नाही.

आता रंग बघा. हिरवाळी, निळासावळा, हिरवी, पांढरी, परत हिरव्या, मग काळ्या, मग काळिमा. हिरव्यापासून काळ्यापर्यंतचा प्रवास आहे, आणि हे रंग सगळे शब्दशः आहेत, झाडीत हिरवं आणि खोल पाण्यात काळं दिसणारच. निळासावळामध्ये पुढच्या काळेपणाची चाहूल आधीच आहे. नजर पण बघा, ती लांबून सुरू होते, दोन्ही काठ एकदम दिसतात इतकी लांबून, मग पायवाटेवर येते, आणि शेवटी एका झाडापाशी थांबते.

मग लाक्षणिक भाषा कुठे आहे? फार थोडी आहे. शेतमळ्यांची "गर्दी" लागलीये, म्हणजे माणसांचा शब्द शेतांना लावलाय, आणि हे नेमकं गावाच्या शेजारी, जिथे माणसं आहेत. पायवाट "चालली" आहे, हे तर आपण रोजच्या बोलण्यात पण म्हणतो, रस्ता कुठे जातो वगैरे (प्र. १० बघा), पण इथे ती डोहाकडे चाललीये म्हटल्यावर ते मेलेलं क्रियापद परत जिवंत होतं, वाटतं की हिला थांबवायला हवं का. "गोड काळिमा" मध्ये चव आणि रंग मिसळलेत, आणि काळं असून गोड, म्हणजे डोह भीती दाखवत नाही, ओढून घेतो. आणि शेवटी औदुंबर पाय टाकून "बसलाय", ही चेतनगुणोक्ती, म्हणजे माणूस नसलेल्या गोष्टीला माणसासारखं वागवणं, झाडाला पाय नसतात आणि ते बसत नाही. लक्षात घ्या की आख्ख्या कवितेत माणूस दिसत नाही आणि शेवटच्या ओळीत पहिल्यांदा माणसासारखं कुणीतरी बसलेलं दिसतं, ते झाड निघतं.

यावरून कुणी म्हणतं औदुंबर म्हणजे विरक्त माणूस, कुणी म्हणतं मृत्यूजवळची शांतता, कुणी म्हणतं हे नुसतं निसर्गचित्र आहे, त्यात काही शोधू नका. मला नुसतं निसर्गचित्र पटत नाही, कारण नजर ज्या क्रमाने काळ्याकडे आणलीये तो क्रम आपोआप येत नाही. पण "औदुंबर बरोबर संन्यासी" असं समीकरण मांडणंही पटत नाही, त्याने तो झरा, ती चार घरं सगळी फुकट जातात. कविता जे करते ते या आठ ओळींच्या क्रमात आहे, एका शब्दाच्या बदल्यात दुसरा शब्द ठेवून ते हातात येत नाही.

१०. आपण रोज बोलतो त्यात पण "खुर्चीचा पाय", "डोकं फिरलं", "वेळ वाया गेला" असं असतंच की. मग ते पण काव्यच का?

ही झिजलेली रूपकं, मृत रूपक म्हणतात. खुर्चीचा पाय, बाटलीचा गळा, नदीचं मुख, घड्याळाचे काटे. सुरुवातीला कुणीतरी हे नव्याने पाहिलं असेल, आता तो त्या वस्तूचा साधा शब्द झालाय. मम्मटाच्या भाषेत ही रूढीची लक्षणा. १९८० मध्ये जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी एका पुस्तकात हे मोठ्या प्रमाणावर दाखवलं की आपण विचारच अशा रूपकांमध्ये करतो, वेळ आपण खर्च करतो, वाचवतो, वाया घालवतो, म्हणजे वेळेला कायम पैसा समजूनच बोलतो.

कवितेत अशा शब्दाकडे दुर्लक्ष करायचं का? बहुतेक वेळा हो. पण कवी कधी कधी मेलेलं रूपक उठवून बसवतो. "खुर्चीच्या पायाला चालायची सवय नाही" म्हटलं की तो पाय परत पाय झाला. शेजारचा शब्द बघा, तो झिजलेल्या शब्दाच्या मूळ अर्थाला चिमटा काढतोय का. काढत असेल तर मुद्दाम आहे.

११. ओळ शब्दशः अगदी बरोबर आहे, कुठे अडत नाही, तरी लाक्षणिक असू शकते का?

असू शकते, आणि प्र. ४ मधली ट्रिक इथेच फसते. "माझी आई काही दगड नव्हती." शंभर टक्के खरं वाक्य, कुणाचीच आई दगड नसते. अर्थ अडत नाही, पण इतकं उघड सत्य कुणी का सांगेल? इथे अडतोय तो हेतू.

जुन्या लोकांना हे पण माहीत होतं. त्यांचं उदाहरण आहे "कावळ्यांपासून दही सांभाळ". वाक्यात काहीच अडत नाही, कावळे असतात, दही असतं, सांभाळता पण येतं. पण मांजर आलं तर? शब्दाला धरून बसलेला माणूस मांजराला दही खाऊ देईल. म्हणजे कावळा इथे "दही खाणारं कुणीही". म्हणून नागेशभट्टासारख्या नंतरच्या वैयाकरणांनी म्हटलं की खरी खूण शब्दार्थ अडणं ही नाही, तात्पर्य न जुळणं ही आहे. मला हे जास्त पटतं. ओळ खरी आहे का यापेक्षा, ती इथे, या माणसाने, आत्ता का म्हटली, हे विचारा.

१२. एकच ओळ शब्दशः पण खरी आणि लाक्षणिक पण, दोन्ही एकदम?

हो, आणि चांगल्या कवितेत हे सतत होतं. आजारी माणसाच्या खोलीतली कविता आहे आणि ओळ आहे "पहाटे दिवा विझला". तेल संपलं म्हणून दिवा खरंच विझला असेल. माणूस गेला असेल. दोन्ही झालं असेल. इथे एक निवडायची घाई करू नका, कवीने निवडलेलं नाहीये म्हणूनच ओळ तशी लिहिलीये. उत्तरपत्रिकेत लिहायचं तर दोन्ही अर्थ लिहा आणि दोन्हींना कवितेतला पुरावा द्या, मार्क जात नाहीत.

१३. आख्खी कविताच रूपक असेल तर? मध्ये कुठे खूणच नसते.

कधी कधी कवी खूण स्वतःच देतो. एकनाथांचं विंचवाचं भारूड घ्या, विंचू चावला, अंगाला घाम आला, प्राण व्याकुळ झाला, सगळं शब्दशः दंशासारखं. पण सुरुवातीलाच म्हटलंय "काम क्रोध विंचू चावला", म्हणजे किल्ली दारातच ठेवलीये. आणि उताराही तसाच, सत्त्वगुणाचा अंगारा लावा. यात बघण्यासारखं हे की दंशाचा प्रत्येक तपशील दुसऱ्या बाजूलाही लागू पडतो, विष चढतं तसा राग चढतो, सर्वांगाचा दाह होतो. आणि रूपक माहीत असूनही ऐकताना ती कळ जाणवते, कारण विंचू खराखुरा रंगवलाय.

अन्योक्तीत मात्र किल्ली देतच नाहीत. बोलायचं बगळ्याला आणि लागायचं ढोंगी माणसाला. तिथे बगळ्याबद्दलच्या तपशिलात एखादी गोष्ट अशी सापडते की जी बगळ्याला जरा जास्तच होते, तीच खूण. तशी एकही सापडली नाही तर मग ती बगळ्याचीच कविता समजायला हरकत नाही.

१४. कवितेत झाड बोलतं, दगड रडतो. प्रत्येक वेळी चेतनगुणोक्तीच का?

प्रत्येक वेळी नाही. कवितेचं जगच अद्भुत असेल, लोककथेसारखं, स्वप्नासारखं, तर तिथे झाड खरंच बोलतं. त्या जगात ते शब्दशः आहे. ओळखायचं असं की कवितेतली बाकीची पात्रं झाडाला उत्तर देतात का, त्याच्या बोलण्याने पुढे काही घडतं का. घडत असेल तर तो अलंकार नाही, ती घटना आहे. मग त्या सगळ्या गोष्टीचा मिळून वेगळा अर्थ असू शकतो, ते प्र. १३ सारखं बघायचं.

भक्तीच्या कवितेत हे फार जपून करावं लागतं. संत म्हणतात देव माझ्याबरोबर काम करतो, जातं ओढतो. आजचा वाचक चटकन म्हणतो हे प्रतीकात्मक आहे. म्हणणाऱ्याच्या दृष्टीने ते तसं असेलच असं नाही, त्याच्यासाठी तो आलेला अनुभव असू शकतो. कवितेतला बोलणारा काय खरं मानतो ते त्याच्या बाजूने वाचा, तुमची श्रद्धा काय हा वेगळा विषय.

१५. एकही अलंकार नसलेली कविता असू शकते का?

असू शकते, प्र. २ मधली पहिली ओळ आठवा. हायकू, म्हणजे तीन छोट्या ओळींची जपानी कविता, हा तर सगळ्यात मोठा पुरावा. जपानी कवी बाशोचा १६८६ चा बेडकाचा हायकू, जुनं तळं, बेडूक उडी मारतो, पाण्याचा आवाज. उपमा नाही, रूपक नाही. पण त्या आवाजाने आधीची शांतता किती होती ते कळतं, आणि शांतता हा शब्द आलेलाच नाही. मराठीत हायकू रुजवला शिरीष पै यांनी, तो वाचताना पण हेच करा, आधी नुसतं बघा, काय सुचवतंय ते नंतर आपोआप येतं.

१६. प्रतिमा जिवंत करायची म्हणजे विशेषणं भरपूर घालायची का?

उलट होतं. "सुंदर, मनमोहक, रमणीय संध्याकाळ" यात काहीच दिसत नाही कारण तीनही शब्द लिहिणाऱ्याचं मत सांगतात. "भिंतीवरची सावली खिळ्यापर्यंत आली" यात एकही विशेषण नाही आणि संध्याकाळ दिसते, शिवाय कुणीतरी रोज ती सावली बघत बसतं हेही कळतं. आपल्या कवितेतलं मत सांगणारं एकेक विशेषण काढून बघा, ओळ पडली तर ती आधीपासूनच त्याच्या आधारावर उभी होती.

१७. दोन प्रतिमा एकत्र मिसळल्या तर चूक धरतात का?

"आशेच्या किरणाची मुळं मनात रुजली आणि तिने उंच भरारी घेतली." किरण, रोप आणि पक्षी एका वाक्यात. लिहिणाऱ्याला यातलं काहीच दिसलेलं नाही, तिन्ही तयार वाक्प्रचार हाताला लागले ते घातले. ही चूक. पण मुद्दाम झपाट्याने प्रतिमा बदलणारी कविताही असते, तापातल्या किंवा घाबरलेल्या माणसाचं मन तसंच पळतं. तिथे प्रत्येक प्रतिमा आपापली स्वच्छ दिसते आणि उडी कुठून कुठे मारली ते जाणवतं. फरक एवढ्यावरून कळतो की प्रत्येक तुकडा वेगळा काढून डोळ्यासमोर आणता येतो का.

१८. कवीच्या मनात हे सगळं खरंच होतं का? का आपणच काढतो?

कवीच्या मनात काय होतं हे बहुतेक वेळा कळायचा मार्ग नसतो, आणि कळलं तरी त्याने प्रश्न मिटत नाही, कारण लिहिणाऱ्याच्या हातून त्याला न जाणवलेल्या गोष्टी पण येतात. म्हणून पुरावा कवितेत शोधा. माझा नियम असा की एका अर्थासाठी कवितेत किमान दोन जागा दाखवता आल्या पाहिजेत. एका शब्दावर उभा असलेला अर्थ बहुतेक वाचकाने घरून आणलेला असतो. "औदुंबर" मध्ये काळेपणाबद्दल बोलताना एक काळा शब्द पुरला नसता, सगळे रंग एका ओळीत लागले म्हणून बोलता आलं.

१९. मग दोन जणांचे वेगळे अर्थ निघाले तर दोन्ही बरोबर? का कुणाचंही काहीही चालतं?

दोन्ही बरोबर असू शकतात, काहीही मात्र चालत नाही. प्र. १८ चा नियम दोघांनाही लावा. शिवाय एक तपासणी करा, तुमचा अर्थ मान्य केला तर कवितेतली कुठली ओळ निरुपयोगी होते किंवा उलटी जाते? प्रत्येक अर्थाला एखादी ओळ जड जातेच, पण ज्या अर्थाने निम्मी कविता बाजूला ठेवावी लागते तो सोडून द्यावा. समजा कुणी म्हणालं "अंगणात ओली पावलं, दारापर्यंत आणि परत" ही घरातला माणूस सोडून गेल्याची ओळ आहे. ऐकायला छान आहे, पण मग पावलं दारापासून सुरू होऊन बाहेर गेली असती, आणि ती कोरडी असती, कारण तो आतून निघाला. इथे कुणीतरी बाहेरून भिजत आलंय. आता ते परत का गेलं, दार उघडलं नाही म्हणून की वाजवायचा धीरच झाला नाही म्हणून, यावर दोघांनी हवं तेवढं भांडावं, ओळीत दोन्हीला जागा आहे.